नुसत्या प्रश्नांचं गाव

अमरावती,
२१ नोव्हेंबर २००७

प्रिय रागिणी,

इकडे सगळे खुशाल. अम्मीचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा अम्मी जास्त. पत्र तुझ्या घरी न पाठवता अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकते आहे. का, ते तुला माहीत आहे.

थकले गं. आमच्या संस्थेला दिल्लीहून तीन वर्षांचा पैसा मिळालाय. नापिकीच्या बातम्या वाचता वाचता साहेबलोकांना घरातली मारहाणही दिसली, हेही नसे थोडके. नवऱ्याचा हात उठला की शेजारणींनी दाराशी जमून थाळ्या बडवायच्या, तो बाहेर येईपर्यंत, हा आमचा उपाय. तो खरंच लागू पडतो का, हे त्यांना तपासायचंय. म्हणून निम्म्या गावांत थाळ्या, निम्म्या गावांत नुसते प्रश्न, आणि शेवटी तुलना. गावं चिठ्ठ्या टाकून वाटली. तुझ्या गावाची चिठ्ठी मीच उचलली. प्रश्नांच्या वाट्याला गेली.

गेल्या महिन्यात तुझ्या ओसरीवर बसून मी परक्यासारखं विचारलं, "वर्षभरात घरात कोणी हात उगारला का?" सासूबाई शेजारीच तूर निवडत होत्या. तू "नाही" म्हणालीस आणि पदर मनगटावर ओढलास. तोवर मी काळंनिळं पाहिलं होतं. तरी "नाही" लिहून घेतलं.

फाटकापर्यंत सोडायला आलीस तेव्हा हळूच म्हणालीस, "आमाले नुसतं इचारतच राहशीन काय वं, शाइस्ता?"

मी म्हटलं, बस चुकेल. बसला बराच वेळ होता गं.

काल आमच्या प्रमुखांना, भगवंतरावांना, सांगितलं की तुझं गाव अभ्यासातून काढा, मी तिथे थाळ्या सुरू करणार. म्हणाले, "नियम मोडला तर पैसा बंद. पैसा बंद तर थाळ्यावाली गावंबी बंद. मंग त्या बायांनी कोनाकडे पाहावं?" खोटं बोलत नाही हा माणूस, म्हणूनच जास्त राग आला. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. त्या बायकांचं काय होईल, याची मात्र भीती वाटते. तरीही तुझं मनगट तेवढं डोळ्यांसमोरून हलत नाही.

रविवारी येते. तुझ्या शेजारच्या माणिकबाईला निरोप धाडलाय, चारचौघी ती जमवेल. थाळी घरचीच आणा म्हणावं, आणि पितळी. स्टीलचा आवाज गल्ली ओलांडत नाही. तुझ्या नवऱ्याला, गजेंद्रभाऊजींना, माझा नमस्कार सांगू नकोस. तो मी दाराशी येऊन सांगेन.

या खेपेला काहीही न विचारता येणारी,
तुझी
शाइस्ता