ईलिंगचं नाक

ग्लासगो,
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय जगदीशकाका आणि गयाकाकू यांस,
भावनाचा सप्रेम जयभीम वि. वि.

हे पत्र उभ्याउभ्याच लिहितेय, कारण बसवतच नाहीये! काल मी घरी बियर घातली. वीस लिटरची बादली बेडरूमच्या कोपऱ्यात आहे आणि तिच्या झाकणावरची नळी पहाटेपासून बुडबुडतेय. काकू, आधी रागवून घ्या. दारू न पिण्याचं पाचवं शील मोडणारी आपल्या घरातली मी पहिलीच, हे मला माहीत आहे. रागवून झालं की पुढचं वाचा.

२९ मार्चला इथल्या घरी बियर करणाऱ्यांच्या होमब्रू क्लबची स्पर्धा आहे आणि मला त्यात उतरायचंय. यीस्टचं काम संपलं की थंड बियरमध्ये हॉप्सची सुकी फुलं सोडायची. उकळायची नाहीत, त्यामुळे कडूपणा जवळजवळ येत नाही, नुसता वास उतरतो. पण ड्राय हॉपिंग म्हणजे काय हे मी कुणाला सांगतेय! सत्तावीस वर्षं ब्रुअरीच्या कोठारात तुम्ही फुलं तळहातावर चोळून पास-नापास करत होतात. आजोबांना दिलेला शब्द पाळून थेंबही जिभेला लावला नाहीत, तरी साहेब लोक तुमच्या नाकाला विचारल्याशिवाय पोतं आत घेत नसत. बाबा अजून हे पाहुण्यांना सांगतात.

म्हणून सोबत तीन पाकिटं पाठवतेय: लाल, पिवळं, निळं. प्रत्येकावर फुलांच्या जातीचं नाव लिहिलंय. मला या नादाला लावणारी मैत्रीण सान्वी, तिच्याकडून प्रत्येकी दोन-दोन मिळाली. माझी पाकिटं मी फोडणार नाही. आधी तुमचं ईलिंगचं नाक, मग माझं. लवकर कळवा!

तुमचा जीव माझ्यावर आहेच, तो बियरमुळे कमी करू नका.

तुमची,
भावना


ईलिंग,
९ फेब्रुवारी २०२५

चि. भावना हिस,
अ. उ. आ.

पत्र आणि पाकिटं पोचली. रागावलो नाही असं नाही. तुझ्या काकूनं तर पत्र दोनदा वाचायला लावलं, दोन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी कपाळाला हात लावला. पण ग्लासगोला निघताना तुला पोस्टाची तिकिटं देऊन मराठीत पत्र लिहायची अट घातली होती, ती तू पाळतेस. तेव्हा आमचं बोलणं ऐकून घ्यायचा तुझा हक्क आणि बोलायचा आमचा.

आता कामाचं. फुलं तीन दिवसांपेक्षा जास्त बुडवू नकोस, गवताळ वास येतो. पातळ फडक्यात सैल पुरचुंडी बांध, आत उकळलेला स्टीलचा चमचा टाक म्हणजे ती तरंगणार नाही. आणि काय चाललंय ते बघायला सारखं झाकण उघडू नकोस. हवा लागली की सगळा वास गेला. हा अधीरपणा तुला तुझ्या बापाकडून आला आहे.

निवड निळ्या पाकिटाची. कॅस्केड जातीची फुलं. तळहातावर चोळल्याबरोबर संत्र्याच्या सालीचा लखलखीत वास आला. डोळे मिटून टाक.

आमची माया आहे तशीच आहे, बादलीपुरती थोडी राखून ठेवली आहे.

तुझा,
जगदीशकाका


ग्लासगो,
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं पत्र आलं आणि मी नाचतच निळं पाकीट फोडलं. काका, ओकारी यायची बाकी राहिली! जुनं चीज एखाद्यानं मोज्यात घालून ठेवावं, तसा वास. सान्वीला फोन केला तर तिनं कबूल केलं की निळी दोन्ही पाकिटं दोन उन्हाळे बॉयलरच्या कपाटात पडून होती.

तुमचंही त्याच कपाटातलं आहे. मग तुम्हाला संत्र्याची साल कुठून आली? बियर वाचली, कारण टाकण्याआधी मी हुंगून पाहिलं. पण दोन दिवस मला चैन नाही. तुम्ही पाकीट फोडलंत तरी का? माझी थट्टा केली असेल तर सांगा, मी हसेन. पण खरं सांगा.

राग आलाय, तरी नमस्कार आहेच.

भावना


ईलिंग,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. भावना हिस,
अ. उ. आ.

पाकीट फोडलं होतं. तिन्ही फोडली होती. सकाळभर मागच्या बागेत बसून फुलं चोळली, तळहात हिरवे झाले, आणि काहीसुद्धा आलं नाही.

अडीच वर्षांपूर्वी मला कोविड झाला, तेव्हापासून नाक बंद आहे. सर्दीसारखं बंद नाही, दिवा विझल्यासारखं. उदबत्ती नाही, कॉफी नाही, पावसात भिजलेला कोट नाही. कुणाला सांगितलं नाही, तुझ्या काकूलाही नाही. लोकांनी माझ्या तोंडापेक्षा नाकाला जास्त मान दिला, पोरी. ते गेलं असं कसं सांगू? तुझ्या पाकिटावर नाव वाचलं, आणि ती जात ताजी असताना कशी असते ते आठवून लिहून टाकलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तुला पाचव्यावरून बोलताना मी चौथं मोडलं. लाज वाटते.

तुझं तू निवड. या नाकाच्या भरवशावर राहू नकोस.

तुझा,
काका


ग्लासगो,
१ मार्च २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम वि. वि.

मी दोनदा रडले, आता रडणं बंद. ऐका! मी काम करते त्या हॉस्पिटलातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाकालाही फिजिओथेरपी असते. सोबत चार बरण्या पाठवतेय: लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि गुलाब. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बरणी वीस सेकंद हुंगायची आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. महिने लागतात, कुणाला येतं, कुणाला नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण काका, आठवण्यात तुम्ही किती पटाईत आहात ते तुमच्या संत्र्याच्या सालीनं दाखवलंच आहे!

आणि निवड तुम्हीच करणार. हुंगायचं काम माझं. लाल: आधी मध, मग ओली माती, शेवटी चहाचा चोथा. पिवळं: लिंबू, कच्चा आंबा, आणि मागे किंचित कांद्यासारखं काहीतरी. त्या कांद्याचं काय करू? १२ तारखेच्या आत सांगा. बादली वाट बघतेय, मीही.

माया मागत नाही, बरण्या हुंगा म्हणते.

भावना


ईलिंग,
८ मार्च २०२५

चि. भावना हिस,
अ. उ. आ.

शाबास! तू कांदा लिहिलास आणि मी खुर्चीतून उठलो. तो वास पहिल्या दमात ओळखायला मला दोन वर्षं लागली होती. एकटं पिवळं टाकशील तर तो कांदा डोकं वर काढेल. दोन भाग लाल, एक भाग पिवळं. लाल आधी, पिवळं शेवटच्या दिवशी. हे आठवून नाही, तुझं वाचून सांगतो आहे.

बरण्या सुरू केल्या, तेव्हा काकूला सांगणं भागच पडलं. ती म्हणाली, तिला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. एकदा डाळ खाली लागून करपली, घर धुरकटलं, आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. वर जेवताना म्हणालो, आज डाळ फक्कड झाली आहे. त्या दिवसापासून मी घरात एकटा असताना ती मला गॅस पेटवू देत नाही. मला वाटायचं, वयामुळे.

पुरचुंडीसाठी काकूनं तिचं चक्क्याचं फडकं पाठवलं आहे. दोनदा उकळून घे, असा तिचा निरोप आहे. बियरला तिची परवानगी नाही, फडक्याला आहे.

तुझा,
काका


ग्लासगो,
३० मार्च २०२५

आदरणीय काका-काकू,
सप्रेम जयभीम वि. वि.

दुसरा नंबर! अठ्ठावीस बियरांमध्ये दुसरा! परीक्षकांनी ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि हे हॉप्स कुणी निवडले असं विचारलं. मी म्हटलं, ईलिंगच्या माझ्या काकांनी, आणि त्यांनी आयुष्यात बियर प्यायलेली नाही. ते हसले, त्यांना विनोद वाटला. मी सविस्तर सांगितल्यावर हसायचे थांबले.

एक बाटली पाठवतेय. प्यायची नाही, हे काय सांगायचं. ओतून नुसतं नाक लावा. वास आला तर आला, नाही आला तर बरण्या आहेतच.

भावना


ईलिंग,
१३ एप्रिल २०२५

चि. भावना हिस,
अ. उ. आ.

बाटली घरात उघडायची नाही असा हुकूम झाला, म्हणून बागेत उघडली. काकू दारातून बघत होती, मग जवळच येऊन उभी राहिली. ग्लासात ओतली, फेस आला, रंग तर मधासारखा. नाक लावलं. काही नाही. डोळे मिटून वाट पाहिली. काही नाही. मी तिला म्हणालो, जाऊ दे, आणि ग्लास गुलाबांच्या मुळाशी ओतायला वाकलो.

तेवढ्यात काहीतरी कडवट आलं. मला वाटलं बियरचंच, पण ग्लास तर रिकामा झाला होता. मग कळलं, आणि भावना, मी या वयात धावलो. गॅस बंद केला, पातेलं उचललं, तळाला काळाठिक्कर थर. काकू मागून आली. डाळ करपली आहे, हे मी तिला सांगितलं. मी तिला सांगितलं! ती ओट्याला टेकून रडायला लागली आणि रडतरडतच ताटं घेतली.

बाटलीत निम्मी शिल्लक आहे. झाकण लावून शेडमध्ये ठेवली आहे. रोज एकदा विचारपूस करेन.

आमचा सगळा जीव तुझ्या बादलीसकट तुझ्यावर.

तुझा,
जगदीशकाका

ता. क. भावना, मी गयाकाकू. करपलेली डाळ ह्यांनी तीनदा वाढून घेतली. उद्या पुन्हा करपव म्हणतात.