रेषेखालचा ड्रायव्हर

पुणे, मंगळवार

बाबा,

तुमाले आन् आईले पाया पडते. मी बरी आहो. मेसचा भात आपल्यासारखा नाही, पण पोटभर जेवते.

कॉलेजात मोटार शर्यतीच्या ड्रायव्हरायचा अभ्यास करून राहिली. कोण किती शर्यती जिंकला, त्यावरून त्याची वर्षाची कमाई सांगणारी रेष काढायची. सगळ्यायचे ठिपके रेषेजवळ बसले, एकाचा मात्र पार खाली गेला. जिंकते भरपूर, कमाई नाहीच्या बरोबर.

सर म्हणले, "हा ठिपका काढून टाक, रेष चांगली बसते." मी नाही काढला.

काहून काढू? लाखनीच्या शंकरपटात मालकाची बैलजोडी तुमी हाकता. पहिली आली का बक्षीस मालकाच्या घरी जाते, आन् हाकणाऱ्या धुरकऱ्याले नारळ-दुपट्टा. म्हणून मी त्या ड्रायव्हरची गाडी कोणाची ते शोधलं. दुसऱ्याचीच निघाली. मंग 'गाडी कोणाची' हा रकाना सगळ्यायसाठी भरला, तर रेषेच्या जराजरा खाली बसलेले असे अजून कितीतरी जण सापडले.

सर म्हणले, हे विचारलं नव्हतं, मार्क कापीन. मी म्हटलं, कापा.

तुमचा खांदा अजून दुखते का? आई चिठ्ठीत त्याचं काहीच लिहत नाही, म्हणून विचारते.

यंदा पटात उतरायच्या आधी मालकाले तुमचा वाटा विचारा. नाही म्हणला तर कासरा त्याच्या हाती द्या आन् म्हणा, आता तूच हाक.

तुमच्यावरच गेलेली,
हर्षा