माझ्या मुलीच्या नावावर दिलेले पाच स्टार

बोरी बुद्रुक

प्रिय गोकुळ,

फोन केला असता, पण फोनवर तू मला गोड बोलून गुंडाळतोस आणि मीही गुंडाळून घेतो. म्हणून कागद घेतलाय. मामा रागावलाय हे आधीच सांगतो, म्हणजे ओळीओळीत शोधत बसायला नको.

परवा भावकीतला जालिंदर माझ्या दुकानात मोबाईल नाचवत आला. तुझ्या वसतिगृहाला कुणा वैजयंतीनं एकच स्टार दिलाय. टाकीचं पाणी घाण, खोलीतल्या तिघींना कावीळ झाली, मालकांना सांगितलं तर म्हणाले तुम्ही बाहेरचं खाता. खाली तुझं उत्तर: ही मुलगी आमच्याकडे कधी राहिलीच नाही, शेजारच्या होस्टेलवाल्यांनी हे लिहून घेतलंय. गोकुळ, माझ्या आईच्या नावाची, म्हाळसाबाईच्या नावाची पाटी लावलीस आणि त्या पाटीखाली बसून हे लिहिलंस? एक मेंढरू ओढ्यात उतरलं की सगळा कळप उतरतो, तशी भावकी तुझ्यामागं. जालिंदरनं त्या पोरीला चार शिव्या हाणल्यात आणि वर मलाच कौतुकानं दाखवतोय.

उद्घाटनाचा दिवस आठव. अवसरीच्या त्या इमारतीत अजून कॉट लागल्या नव्हत्या, एकही मुलगी आलेली नव्हती. तू मांडवात फिरून एकेकाचा मोबाईल मागत होतास. आपल्यात आहेर कुणी चुकवत नाही, तसे सगळ्यांनी स्टार दिले. जालिंदरनं बुंदी खात खात लिहिलं, जेवण घरच्यासारखं. कोंडाबाईला अक्षर ओळखता येत नाही, तिच्या नावानं नातवानं टाकलं, अभ्यासाला शांत वातावरण. लई हसलो आपण. मी तर सगळ्यांच्या वर कडी केली. लिहिलं, माझी मुलगी इथे दोन वर्षं राहिली, एक दिवस आजारी पडली नाही. भिंतींचा रंग वाळला नव्हता, आणि दोन वर्षं! आशा घरून एसटीनं कॉलेजला जाते-येते हे तुलाही ठाऊक, मलाही.

मला वाटलं, आपलं आपल्यात. बाहेरचं कोण वाचतंय? माझा बाप मेंढरं घेऊन फिरायचा, तेव्हा समोरून परतणाऱ्याला विचारायचा, पुढं पाणी कसं हाय. ज्याच्याशी बोलणं बंद, तोसुद्धा पाण्याचं खरं सांगायचा. आता लांबच्या गावातले आईबाप तेच मोबाईलला विचारतात, आणि तिथं उत्तर द्यायला आपण बसलोय.

तुला एक सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात एक बाई दुकानात आल्या. शेवगावकडच्या. गावी परतताना आळेफाट्याला उतरून, मोबाईलवर वाचलेलं माझं आणि दुकानाचं नाव विचारत विचारत आलेल्या. सोबत मुलगी, डोळे हळदीसारखे. ती बाकड्यावर भिंतीला टेकून बसली. भांडायला आल्यात म्हणून मी आवाज चढवायच्या तयारीत होतो. बाई म्हणाल्या, चाळीस जणांचं वाचलं, त्यात तुमचंच पटलं, कारण बापानं लेकीचं लिहिलेलं. तुमची मुलगी पाणी उकळून प्यायची का, एवढंच विचारायचं होतं.

माझे कान तू जाणतोस. पाण्याची मोटार दुकानाच्या दारात सुरू केली की बेअरिंग गेलंय का वाळू शिरलीय, मी खोलायच्या आधी सांगतो. त्या बाईंच्या आवाजात जरासुद्धा खरखर नव्हती. आणि तुझ्या टाकीला झाकण नाही हे मला माहीत होतं. तिथली मोटार मीच बसवली, झाकणाचं तुला दोनदा बोललो. तरी तोंडातून काय निघालं? "आमच्या आशाला दोन वर्षांत काही झालं नाही." वर त्यांच्यासाठी चहा मागवला.

बाईंनी लेकीकडं पाहिलं. "मग आमचीच पोर नाजूक आसंल." पोरीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. चहाला हात लावला नाही.

ती मुलगी म्हणजेच वैजयंती. जालिंदरच्या मोबाईलवर फोटो बघितला तेव्हा कळलं. तिनं लिहिलेल्यातली शेवटची ओळ तू वाचली नसशील, तुला उत्तर द्यायची घाई. 'घरचे म्हणतात मीच नाजूक आहे, आता कॉलेज बंद.' हे तिच्या घरच्यांना कुणी पटवलं? तू नाही. मी.

माझे स्टार मी काढले. त्या जागी माझ्या नावानं लिहिलंय की माझी मुलगी इथे राहिली नाही, टाकी उघडी आहे, वैजयंती खरं बोलते. माझ्या दुकानाचे स्टारही भावकीचेच, ते गेले तर जाऊ देत. तुझ्या आईला सांगितलं. हिराआक्का आधी रडली, मग म्हणाली, झाकण तरी लावा रं. मंगळवारी माणसं घेऊन टाकी धुवायला येतोय, कुलूप लावून पळू नकोस. पण हा कागद त्यासाठी नाही. ती राहिलीच नाही म्हणालास, तरी तुझ्या रजिस्टरात तिचा पत्ता असणार, तुझ्याच अक्षरात. तो काढून ठेव. परीक्षेचे फॉर्म अजून भरून घेतायत, मी तिच्या कॉलेजात विचारून आलोय. बुधवारी शेवगावला जाऊन त्या पोरीच्या देखत तिच्या आईला सांगायचंय की मी खोटं बोललो. माझ्या शब्दावर त्यांनी आता का विश्वास ठेवावा, म्हणून आशाला सोबत नेतोय.

रागावलेला, तरी तुझाच
गोरक्षमामा