बंद डबीतलं घड्याळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवत आहे. मुलीची कटकट कायद्याने दबावात धरत नाहीत, हे वकिलांना विचारून घेतलं आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असेल आणि विसरले असेन, तर ते रद्द समजावं.

उद्या सकाळी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, साधं आहे. ह्यांचंही साधंच होतं. जाताना मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, म्हणाले, "सांभाळ, संध्याकाळी परत घेतो." म्हणून माझा 'साधं' या शब्दावर विश्वास नाही.

कलम १. राहतं घर मुलीला द्यावं. मुलगा दूर असतो, त्याचं तिकडे घर आहे, आणि "ताईलाच दे, मला ते गळकं छप्पर कशाला?" असं त्याने स्वतः फोनवर सांगितलं आहे. बँकेतली ठेव त्याला. कोणाला वाईट वाटलंच तर दोघांनी बसून बोलावं. घर बंद करताना गॅसचं बटण बघावं. कुलूप लावण्याआधी परत एकदा बघावं.

कलम २. शेजारी राहणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी माझी शिवणाची मोठी कात्री "लगेच आणून देते हं" म्हणून नेली, ती आता त्यांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. ती मी त्यांना देत आहे. त्यांनी ती उजळ माथ्याने वापरावी आणि मी दिसले की विषय बदलू नये.

कलम ३. रंधा, काटकोन बघायचा गुण्या आणि बारीक दातांची करवत डब्यांच्या वर्गाला द्यावी. हे गेल्यावर मी घरात नुसती दार लागलंय का बघत फिरायची, म्हणून मुलीने मला तिथे नेऊन बसवलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक म्हातारे सुतार लाकडाच्या छोट्या शोभेच्या डब्या करायला शिकवतात. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. त्यांची पद्धत अशी, की डबी आधी सगळीकडून बंद करायची. तळ, चार भिंती, वरची फळी, सगळं सरसाने चिकटवायचं, वर फिकट-गडद लाकडाच्या पट्ट्यांची नक्षी बसवायची, आणि मग शेवटी करवतीने आडवी कापून झाकण वेगळं करायचं. म्हणजे नक्षी झाकणावरून भिंतीवर न तुटता उतरते.

कलम ४. माझ्या कपाटावर ज्या डब्या आहेत त्या सगळ्या बंद आहेत. एकही कापायचा मला धीर झाला नाही. मास्तर म्हणायचे, "बाई, कापल्याशिवाय ती डबी नव्हे, ठोकळा आहे."

"आणि वाकडी कापली तर?"

"तर वाकडी डबी होईल."

त्यांना हे बोलणं सोपं आहे. हे ठोकळे मुलीने घ्यावेत आणि वाटेल ते करावं. फक्त गडद काठाची, आत मखमल लावलेली डबी सोडून.

कलम ५. त्या डबीत ह्यांचं घड्याळ आहे. हे गेल्यापासून ते माझ्याच हातात असायचं, आणि रोज सकाळी चहाआधी मी त्याला किल्ली द्यायचे. कधी खाडा नाही. ही डबी चिकटवली त्या दिवशी सरस लागू नये म्हणून ते काढलं आणि सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलं, म्हणजे समोरच्या अर्धवट डबीत. सरस पटकन धरतो या धास्तीने मी घाईघाईने वरची फळी बसवली आणि शिकंजे आवळले. मनगट मोकळं दिसलं तेव्हा कळलं. डबीला कान लावला तर आत टिकटिक चालू. दुसऱ्या दिवशी दुपारी ती थांबली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मुलगी म्हणते, "आई, फोड ना ती." फोडायची कशी? करवत काचेला लागली तर ह्यांना मी काय सांगू?

माझ्या पश्चात ही डबी मास्तरांनी उघडावी, असं मी इथे लिहिलं होतं. ते आता खोडलं आहे. कारण कलम ६ मध्ये.

कलम ६. हे कलम साक्षीदार, म्हणजे मास्तर आणि जाऊबाई, आल्यावर लिहीत आहे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीची सही करू नये, असं वकिलांचं म्हणणं. जाऊबाईंनी कलम २ वाचलं, घरी गेल्या आणि कात्री आणून टेबलावर ठेवली. "घे बाई. आता तरी सही करू दे." सबब कलम २ रद्द.

मास्तरांनी कलम ५ वाचलं आणि म्हणाले, "मी उघडणार नाही. करवत तुम्ही चालवा, मी नुसती डबी धरतो." मी करवत डबीला लावली आणि लगेच उचलली. ते म्हणाले, "आरपार जायचंच नाही. भिंतीत कागदाइतकं लाकूड राहू द्या, ते सुरीने सोडवू." तसं केलं. मी चारी बाजूंनी करवत फिरवली, सुरी घातली, झाकण सुटलं. एका कोपऱ्यात वाकडं गेलंय. घड्याळाला ओरखडासुद्धा नाही. मी किल्ली दिली, वेळ लावली, ते चालू झालं, आणि मी सगळ्यांसमोर रडले. जाऊबाईंनी चहा केला.

कलम ७. सदर घड्याळ मी कोणालाही देत नाही. उद्यापासून मुलीने ते नुसतं हातात घालावं, चहाआधी किल्ली द्यावी, तट्ट झाली की थांबावं, जास्त पिळू नये. 'सांभाळ, परत घेते' हे शब्द तोंडाने बोलायची मला भीती वाटते, म्हणून इथे लिहिते. सांभाळ. मी परत मागणार आहे. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, असं वकील म्हणतात. तरी राहू दे.

वरील सर्व मी वाचून, परत एकदा वाचून, सही करत आहे.

सही: (वाकडी आली असली तरी माझीच)

साक्षीदार १: डब्यांच्या वर्गाचे मास्तर
साक्षीदार २: मोठ्या जाऊबाई

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवार
वेळ: ह्यांच्या घड्याळाप्रमाणे, पावणेसहा