ओढ्याकाठचं राखलेलं बेट

४ जानेवारी
आज ओढ्याकाठी, ओकच्या सावलीत लव्हाळ्याचं असं बेट दिसलं की मी चिखलातच मटकन बसले! माझ्या उंचीच्या काड्या, सगळ्या सरळसोट. रानात असा लव्हाळा आपोआप वाढत नाही. दर हिवाळ्यात वाळक्या काड्या काढल्या, तरच नव्या सरळ वर येतात. इथे कोणीतरी त्या काढल्यात — एकेक, मुळाशी धरून. कोयत्याची खूण नाही.

म्हणजे टोपल्या विणणारं माणूस आहे. इथेच, आमच्या सांता इनेझ गावात! मी आठ वर्षं संग्रहालयातल्या जुन्या टोपल्यांच्या काचेला नाक लावून विणायला शिकतेय. टाका चुकला की माझी मीच उसवते. आणि कोणी जाणती म्हातारी इथे गुपचूप बसली आहे.

काडीला हात लावला नाही. दुसऱ्याच्या राखलेल्या बेटातून न विचारता घ्यायचं नसतं. आमच्या रीतीप्रमाणे मान म्हणून चिमूटभर तंबाखू ठेवून आले.

५ जानेवारी
कामात लक्ष नाही. कोण असेल?

९ जानेवारी
ओडिलियाला फोन केला. समुद्राकडच्या आमच्या चुमाश जमातीच्या लोकांत ती विणते. ती नव्हे. गुडघे धड असते तरी तुझ्या ओढ्यात कशाला कडमडले असते, म्हणाली. पण मग आवाज एकदम बदलला. ती बाई सापडली तर काठ कसा बंद करतात ते आधी विचार म्हणाली. खरंय. टोपलीचा काठ आम्ही दोघीही अंदाजपंचेच संपवतो.

१३ जानेवारी
आमच्या चुमाश भाषेच्या वर्गात विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. लव्हाळ्याचं नाव आम्ही सुरात पाठ करतो, आणि तो राखतो कोण हे एकालाही ठाऊक नाही!

फर्मिनमामा न्यायला आला होता. आई गेल्यापासून माझं हक्काचं माणूस तेवढंच. जन्मभर घोडी राखली, आणि लहानपणी शिकवलं तसं, चुमाश असल्याचं लपवून, अजूनही लोकांना आपण मेक्सिकन म्हणून सांगतो. त्याला बेटाचं बोलले नाही, उगाच हसला असता. विणणारी म्हातारी शोधतेय एवढंच सांगितलं.

"म्हाताऱ्या हव्यात? बिंगोला जा. रांगेत बसलेल्या असतात."

१९ जानेवारी
बेटाशी ताज्या उपटलेल्या वाळक्या काड्यांचा ढीग! तंबाखू जागच्या जागी. चिखलात बुटांचे ठसे, चांगलेच मोठे. म्हातारी नव्हे, पुरुष. पुरुष कसा विणेल, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. का नाही विणणार?

२६ जानेवारी
सकाळपासून थर्मास घेऊन ओकमागे बसले. खडखडत एक गाडी आली. तो खडखडाट मी झोपेतही ओळखेन.

फर्मिनमामा!

वाकला, वाळकी काडी मुळाशी धरली, हलकेच ओढली, टाकली. मग पुढची. मी भाजी निवडते तसा हात चालला होता. मला रडू आलं, मग संताप. आठ वर्षं माझी टिंगल, आणि स्वतः हे?

समोर जाऊन उभी राहिले. काठ कसा बंद करतात, आत्ताच्या आत्ता सांग म्हटलं.

"कसला काठ?"

खरंच त्याला कळेना. तो पोर असताना त्याच्या आजीने त्याला इथे आणलं होतं. जुनं काढायचं, कोवळ्याला धक्का लावायचा नाही, कोणी विचारलं तर गुरांसाठी म्हणायचं. कशासाठी ते तिने सांगितलं नाही. तिला विणताना त्याने कधी पाहिलं नाही. माझ्या घरातल्या विणायच्या तपकिरी पट्ट्या अशाच हिरव्या काड्या चिरून, सुकवून होतात, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग इतकी वर्षं का येतोस, विचारलं.

"तिने थांब म्हटलं नाही."

घरी येऊन नुसती बसून राहिले. वाईट वाटतंय, फार. शिकवणारं कोणी नाही. नव्हतंच.

२७ जानेवारी
न्याहारीच्या वेळी मामा दारात. खांद्यावर हिरव्या लव्हाळ्याची मोळी. ती टेबलावर ठेवली, माझी अर्धवट विणलेली टोपली उचलली, खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ उलटीसुलटी पाहिली. मग खुर्ची माझ्या खुर्चीला लावून बसला.

"चल, दाखव. पहिल्यापासून."