शून्य फीचं कार्ड आणि तुमची ताई

प्रिय मेहुणेबुवांस,

वयानं मी मोठा म्हणून आशीर्वाद, आणि तुम्ही बँकेतले म्हणून नमस्कार. दोन्ही पोचल्याचं मानून घ्यावं. आम्ही उभयता परवा परदेशातून सुखरूप परतलो. माझा गुडघा ठीक आहे (म्हणजे दुखतो, पण नेहमीसारखाच दुखतो). तुमच्या रक्तदाबाची चौकशी करायला तुमच्या ताईनं मला तीनदा बजावलं आहे, तेव्हा ती तीनदा केली असं समजा. वहिनींची सर्दी गेली असेल अशी आशा आहे, आणि गेली असेल तर ती विमानात आमच्या शेजारी बसली होती.

कार्ड बंद करण्याचा तुम्ही पाठवलेला फॉर्म मिळाला. पहिले सहा महिने फुकट, ते पुढच्या महिन्यात संपतात आणि मग वर्षाची फी सुरू होते; त्याआधी कार्ड बंद करून टाकावं हे तुमचं म्हणणं रास्तच आहे. रास्त असणारच, कारण जाण्याआधी मीच तुम्हाला तसं सांगून ठेवलं होतं. फॉर्मवर तुमच्या ताईची सही तेवढी राहिली आहे. ती होण्यापूर्वी त्या कार्डानं माझी काय अवस्था केली, ती तुमच्या कानावर घालावी म्हणून हा कागद.

तुम्ही सल्ला दिलात तो सोन्यासारखा होता. परदेशात साधं कार्ड वापरलं की शंभरामागे साडेतीन जातात, क्रेडिट कार्डावर रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज, विमानतळावर पैसे बदलले तर उघडउघड लूट. तेव्हा तुमच्या बँकेचं, परदेशी वापरावर फी नसलेलं कार्ड घ्यावं. मी लगेच हो म्हटलं. पण हे कार्ड फक्त तुमच्याकडे पेन्शन जमा होणाऱ्यांनाच मिळतं, हे तुम्ही सगळ्यात शेवटी सांगितलंत. माझं पेन्शन दुसरीकडे. तुमच्या बँकेत पेन्शन जमा होतं ते तुमच्या ताईचं. म्हणजे कार्ड तिच्या नावाचं.

मेहुणेबुवा, पस्तीस वर्षं मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. चिठ्ठीवर सही असल्याशिवाय माझ्याकडून एक वॉशर बाहेर पडला नाही. एकदा मोठ्या साहेबांना मी बल्बसाठी परत पाठवलं होतं (ते चिठ्ठी घेऊन आले, तेव्हा माझी जेवणाची सुट्टी झाली होती). घरातही तीच शिस्त. तुमच्या ताईनं शाळेत बत्तीस वर्षं नोकरी केली, पण चेकवर सही तिची आणि बाकी अक्षर माझं. दुकानात तिनं वस्तू उचलायची, माझ्याकडे बघून 'घेऊ का?' म्हणायचं, आणि मी मान हलवायची. यावरून आमचं कधी भांडण झालं नाही. मान कोणत्या दिशेला जास्त वेळा हलली, हा प्रश्न वेगळा.

कार्ड आलं तेव्हा मी ते रीतसर माझ्या पाकिटात ठेवू लागलो. तुमच्या ताईनं सोबतचं माहितीपत्रक चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं (तिनं जन्मभर मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगितलं आहे, त्याचा हा परिणाम). त्यात लिहिलं होतं की कार्ड खातेदारानंच वापरावं आणि पिन कोणालाही, अगदी घरच्या माणसालाही सांगू नये. कार्ड तिच्या पर्समध्ये गेलं. पिन कुठे गेला ते आजतागायत मला माहीत नाही. मी दोनदा सहज विचारून पाहिलं, तर तिनं मला तेवढी ओळ वाचून दाखवली.

तर अशा रीतीनं, खिशात तिथली एक दमडी नाही अशा अवस्थेत मी परदेशात उतरलो. चहा प्यायचा तरी बायकोकडे बघायचं. विमानतळावरच मला ते असह्य झालं. ती सामानाच्या पट्ट्याशी उभी असताना मी हळूच पैसे बदलण्याच्या खिडकीशी गेलो. वर मोठी पाटी होती की कमिशन अजिबात नाही. ही पाटी म्हणजे सापळा, हे मी स्वतः विमानात तिला अर्धा तास समजावून सांगितलं होतं. पण पाटी फार सुबक होती हो. कमिशन खरोखरच घेतलं नाही; भावच असा लावला की मी दिलेल्या नोटेचे दोन कप कॉफीचे पैसे हातात आले. ते मी सहा दिवस मोडले नाहीत, नुसते चाचपून बघत होतो.

पहिल्या दिवशी एटीएम. मी तिला रस्ताभर पढवत होतो: यंत्र गोड बोलेल, तुमच्या देशाच्या पैशांत हिशेब करून देऊ का म्हणेल, तिथे नाही म्हणायचं, कारण तो हिशेब ते त्यांच्या सोयीनं करतात. ती आत गेली, मी काचेबाहेर उभा राहून हातवारे करत होतो. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, पाठ फिरवली, आणि आकडे दाबताना दुसऱ्या हाताचा आडोसा धरला. माझ्यापासून. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थानं मला खांद्याला धरून अदबीनं चार पावलं मागे नेलं. त्याला काय वाटलं असेल याचा मी विचार करत नाही. तिनं मात्र नको ते बटण दाबलं नाही, एकदाच मोठी रक्कम काढली, पावती घेतली आणि नोटा मोजून पर्समध्ये ठेवल्या. माझी सगळी शिकवणी वाया गेली.

ती भरपाई मी दुकानांतून केली. एका टोपीच्या दुकानात विक्रेत्या मुलीनं यंत्रावर परस्पर आपल्या चलनाचं बटण दाबलं, आणि मी तिचा हात तिथेच थांबवला. त्या मुलीला आपली भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती, तरी मी खुणांनी तिला चलनबदलातला अन्याय समजावून सांगितला. मग तिनं व्यवहार रद्द केला, तो रद्द होईना, मालक आला, मालकाचा मेव्हणा आला (मेव्हण्यांशिवाय पैशांचं काम कुठेच होत नाही असं दिसतं), आणि वीस मिनिटांनी माझं म्हणणं मान्य झालं. वाचले किती, हे विचारू नका. त्यात टोपीचं बटणसुद्धा आलं नसतं.

पण त्या गडबडीत एक गोष्ट माझ्या नंतर ध्यानात आली. ती टोपी घेताना तुमच्या ताईनं मला 'घेऊ का?' विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी पाण्याच्या बाटलीसाठी विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारायला वळली आणि मी कुठेतरी भाव वाचत होतो म्हणून राहिलं. तिसऱ्या दिवसापासून वळणंच बंद. आणि खरं सांगतो, तिनं काही उधळलं नाही. एक टोपी, एक पुस्तक, वाटेत वाजवणाऱ्या म्हाताऱ्याच्या पेटीत एक नाणं. पण चाल बदलली होती. ती पुढे आणि मी मागे, पिशव्या घेऊन.

सहाव्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानात ती मला घेऊन गेली. तिथे माणसं बसवून वर नेणारा गरम हवेचा बलून होता. खिडकीवर लिहिलं होतं, रोख चालत नाही, फक्त कार्ड. तिकिटाचा आकडा बघून मी गुडघ्याची तक्रार सुरू केली. तोवर तिनं दोन तिकिटं काढली होती. वर जाताना पहिली पाच मिनिटं मी टोपलीचा काठ धरून त्या आकड्याला आपल्या चलनानं गुणत होतो. मग तिनं सांगितलं की हवा तापली की हलकी होते आणि वर जाते, हे आपण पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिलं, कधीतरी त्यात बसून बघायचं होतं. एवढंच. आणि ती हसली. इतकी हसली की बलूनवालाही हसायला लागला. मेहुणेबुवा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती तशी हसायची. माझा गुणाकार तिथेच राहिला, तो मी अजून पूर्ण केलेला नाही.

घरी आल्यावर तिनं कार्ड आपणहून माझ्या कपाटातल्या डब्यात आणून ठेवलं. काल आम्ही छत्री आणायला गेलो. तिनं एक निळी उचलली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "घेऊ का?" मला जेवण गेलं नाही.

असो. एकूण सहल उत्तम झाली, आणि तुमच्या कार्डामुळे आठ दिवसांत फी म्हणून आम्ही एक छदामही दिला नाही, हे आपल्या दोघांनाही अभिमानाचं आहे. थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि तुम्हाला काय द्यायचं ते वर लिहिलंच आहे.

आपला,
भाऊजी

ता. क. फीचं वर लिहिलंय ते शब्दशः खरं नाही. बलूनमध्ये असताना बलूनवाल्यानं आमचा फोटो काढला होता. ती हात धुवायला गेल्यावर मी तो माझ्या साध्या कार्डावर घेतला. घाईत नको तेच बटण दाबलं. म्हणजे भावातही बुडालो आणि साडेतीन टक्केही गेले. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, पण ती छान आली आहे.

ता. क. २. मूळ काम हे की, फॉर्म मी तिच्यासमोर ठेवलेला नाही आणि ठेवणारही नाही. कार्ड चालू ठेवा. वर्षाची फी मी तुम्हाला पाठवतो, ती तुम्ही परस्पर भरा, आणि तिला सांगा की बँकेनं फुकट मुदत वाढवली. मी फी भरली हे तिला कळता कामा नये. पस्तीस वर्षांची माझी इभ्रत आहे. हे पत्र वाचून फाडा.

ता. क. ३. चिमण्या, मी ताई. यांनी पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आणि डिंक नेहमीप्रमाणे जपून लावला होता, ते आपोआप उघडलं. तुझ्या शाखेत मी कालच फोन करून फी माफ करता का विचारलं. बाई म्हणाल्या, कोणी विचारत नाही, तुम्ही विचारलंत, केली. हे यांना कळवू नकोस. जन्मात पहिल्यांदा स्वतःहून फी भरायला निघालेत, त्यांचा हिरमोड करायचा नाही. पैसे आले की घे, आणि माझ्या खात्यात टाक.