चिमीच्या गाडीचा विमा

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. भाऊजींनाही वाकूनच, पण जरा कमी, कारण परवापासून माझी कंबर धरली आहे. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे, तेव्हा "करते आहे" असं लिहून शाई वाया घालवू नकोस. भाऊजींचा खोकला गेला का, की अजून तुमच्याकडेच मुक्कामाला आहे? इकडे आम्ही तिघंही ठीक. दुकानही बरं चाललंय. लोकांना नीट दिसत नाही तोवर चष्मेवाल्याला मरण नाही. आता हे सगळं फोनवर का नाही विचारलं, असं तुझ्या मनात येईल. अगं, फोनवर तू मधे बोलतेस. पत्रात माणसाला आपलं म्हणणं शेवटपर्यंत मांडता येतं, आणि आज मला ते मांडायचं आहे.

चिमीला नोकरी लागल्याचं तुला कळलंच आहे (मी सांगितलं, तिनं सांगितलं, आणि आमच्या हिनं तर दोनदा सांगितलं). काम असं की अर्धांगवायू झालेल्या माणसांच्या घरी जायचं आणि त्यांच्याकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे. दिवसाला पाच घरं, त्यातली दोन पार गावाबाहेर. म्हणून दवाखान्याची अट अशी की स्वतःची गाडी हवी आणि गाडीला विमा हवा. पहिले तीन महिने कच्ची नोकरी, मग पक्की. तिच्या पेशंटांत एक म्हातारे शिंपी आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांचा उजवा हात मांडीवरून उठत नव्हता, आता कात्री धरतात. कापत काही नाहीत, नुसती धरतात. पण हे सांगताना पोरीचा चेहरा बघायला हवा होतास तू. बावीस वर्षांत कुठल्याही निकालाच्या दिवशी तो तसा झाला नव्हता.

गाडी आम्ही जुनीच घेतली. एका दंतवैद्यबाईंची होती, त्यामुळे आतून अगदी स्वच्छ आणि अजून किंचित लवंगेच्या तेलाचा वास. मग विमेवाला आला. (हे माझं जुनं गिऱ्हाईक. जवळचं दिसत नाही, पण चष्मा कपाळावर ठेवतो आणि कागद हातभर लांब धरून वाचतो.) त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी म्हटलं, अहो, गाडी घेऊन झाली, आता विम्याचं बोला. तर म्हणतो कसा, विम्याचंच बोलतोय! गाडीपेक्षा विमा महाग! घोड्यापेक्षा नाल महाग असावी तसं. कारण काय, तर चिमीचं वय. पंचविशीच्या आतली माणसं गाड्या ठोकतात असं म्हणे कंपनीच्या हिशेबात आहे. म्हणजे पंचविसाव्या वाढदिवसाला सकाळी उशाशी अक्कल आणून ठेवतात की काय कोण जाणे. मी त्याच्याशी अर्धा तास भांडलो. पोरीनं अजून गाडीचा आरसासुद्धा कुठे घासलेला नाही आणि दुसऱ्यांच्या टवाळ पोरांचा भुर्दंड हिनं का भरायचा? चोर सोडून संन्याशाला सुळी! (तुला म्हणून सांगतो, भांडत होतो तरी मनातून मला त्याचं थोडं पटत होतं. कालपर्यंत जिला सायकलवर धरून चालवलं, ती पोरगी गाडी काय चालवणार, असं आपल्याला वाटतंच.)

विमेवाल्यानं दोन उपाय सांगितले. एक, दुसरा चालक म्हणून घरातल्या अनुभवी माणसाचं नाव घालायचं. ते लगेच घातलं, माझं. तीस वर्षं गाडी चालवली, एकाही गाडीला धक्का लावला नाही, हे सांगताना माझी मान आपोआप ताठ झाली, आणि आकडा थोडा खाली आला. दुसरा उपाय म्हणजे डबी. काड्यापेटीएवढी काळी डबी गाडीत बसवतात. ती मुकाट्यानं सगळं टिपून घेते: वेग किती, वळण कसं घेतलं, ब्रेक किती जोरात मारला. दर रविवारी शंभरपैकी मार्क. दर महिन्याची सरासरी सत्तरच्या वर राहिली तर विमा जवळजवळ निम्मा. खाली गेली तर विमा रद्द, म्हणजे गाडी बंद, म्हणजे नोकरी गेली, आणि दवाखान्याच्या यादीतली पुढची मुलगी शिंप्यांच्या घरी. चिमीनं दुसरा विचार न करता सही केली. पहिल्या रविवारी त्र्याण्णव मार्क आले.

आता तू म्हणशील, मग अडलं कुठे? अडलं माझ्या मायेत. मी विचार केला, त्र्याण्णव ही नवशिक्याची नवलाई. पुढे पोरगी सरावेल, सैल पडेल, मार्क घसरतील. तेव्हा आपण अनुभवी माणसानं आधीच थोडी शिल्लक टाकून ठेवावी. डबीला कुठे कळतं गाडी कोण चालवतंय? (हे मी विमेवाल्याला सहज म्हणून विचारून घेतलं होतं.) चिमी सातला उठते. मी सहाला उठून, दार न वाजवता, किल्ली घेऊन बाहेर पडायचो. तलावाला वळसा, मोठ्या बाजाराच्या मागचा रस्ता, वर्तमानपत्रवाल्यासमोर थांबायचं, पेपर घ्यायचा आणि परत. ती उठायच्या आत किल्ली खुंटीवर. हिला वाटायचं मी फिरायला जातो, आणि माझी तब्येत सुधारल्याचंही तिला दिसायला लागलं होतं.

मी गाडी कशी चालवतो हे तुला वेगळं सांगायला नको. नाकासमोर चालणारा माणूस मी. वेग कधी तीसच्या वर जात नाही. रस्त्याच्या मधोमध चालवतो, म्हणजे दोन्ही कडांपासून अंतर सारखं राहतं. आणि सावध! कडेला गाडी उभी दिसली की ब्रेक, कारण तिचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. कबुतर दिसलं की ब्रेक. उतार लागणार असेल तर लागायच्या आधीच ब्रेक. ब्रेक दिलेत कशासाठी मग? हळूच दाबला तर गाडीला कळत नाही, म्हणून जरा ठासून. (मागच्या गाडीच्या वेळी दर चार महिन्यांनी ब्रेकची पट्टी झिजायची. तो गॅरेजवाला माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायचा. मी ती कंपनीच वाईट म्हणून गाडी विकून टाकली.)

दुसऱ्या रविवारी मार्क आले एकसष्ट. तिसऱ्या रविवारी अठ्ठेचाळीस. सोबत कंपनीचा गोड निरोप: नवीन तरुण चालकांमध्ये असं सुरुवातीला होतं, उतावळेपणा टाळावा. ताई, मी चिमीला समोर बसवून पाऊण तास बोललो. उतावळेपणावर बोललो, जबाबदारीवर बोललो, माझ्या वेळच्या हालअपेष्टांवर बोललो (त्यांचा संबंध नव्हता, पण ओघात आल्या). बिचारी मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं काय करावं? आणखी हळू चालवायला लागली. सगळ्या पेशंटांकडे उशिरा पोचायला लागली. दवाखान्यातल्या वरच्या बाईंनी तिला बोलावून सांगितलं की असं चालणार नाही. एक दिवस शिंपी तिची वाट बघून बघून झोपून गेले. ती घरी आली आणि जेवली नाही. आणि मी, ताई, तिचे मार्क सावरावेत म्हणून दुसऱ्या दिवसापासून तलावाला दोन वळसे घालायला लागलो.

मागच्या सोमवारी ती विम्याच्या कचेरीत जाऊन बसली. मला एवढंच सांगा, म्हणाली, मी चुकते कुठे? तिथल्या बाईंनी तिला सगळ्या फेऱ्यांचा नकाशा छापून दिला. दिवसभराच्या फेऱ्या निळ्या, सरळ, सुतासारख्या. पण रोज सकाळी सहा दहा ते सहा पन्नास एक फेरी, आणि तिच्यावर लाल ठिपके. जिथे जिथे ब्रेक ठासला तिथे तिथे ठिपका. तलावाला गोवर आल्यासारखा दिसत होता. रोज शेवटचा ठिपका वर्तमानपत्रवाल्यासमोर. चिमीनं तो कागद संध्याकाळी टेबलावर माझ्या कपाशेजारी ठेवला. हिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, हे तर तुमचं फिरणं! मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ठिपके तेवढेच होते.

माझं म्हणणं एवढंच आहे ताई, की त्या डबीला हेतू कळत नाही. ठासून मारलेला ब्रेक तिला दिसतो, वाचलेलं कबुतर तिला दिसत नाही. तीस वर्षं ज्यानं मुंगी चिरडली नाही त्याला सव्वीस मार्क (माझ्या एकट्याच्या फेऱ्यांचे, मी कचेरीत गेलो तेव्हा त्या बाईंनी वेगळे काढून दाखवले, मी मागितले नव्हते), आणि कालच्या पोरीला पंच्याण्णव. यंत्रांचा काळ आहे, आपण काय बोलणार? असो. तू गुडघ्याला जप, भाऊजींना गार पाणी देऊ नकोस, आणि माझ्या कंबरेची काळजी करू नकोस, ती माझी मी करतो आहे. वाचून झालं की पत्र फाडून टाकलंस तरी चालेल.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. फाडण्याआधी एक काम आहे. कंपनी म्हणते की सकाळच्या फेऱ्या माझ्या होत्या असं मी लिहून द्यायचं, म्हणजे त्या वगळून चिमीची सरासरी काढतील. मी लिहून दिलं. ते पुरत नाही. बाप लेकीसाठी काहीही लिहून देतो, म्हणे. (त्यांचा हिशेब इथे मात्र बरोबर आहे.) तेव्हा घरात न राहणाऱ्या आणि आम्ही दोघंही चालवताना गाडीत बसलेल्या माणसाचं पत्र हवं. अशी तू एकटीच आहेस. मागच्या महिन्यात आली होतीस तेव्हा तुला स्टेशनवरून चिमीनं आणलं आणि परत मी सोडलं. पत्र या शनिवारच्या आत पोचायला हवं, नाहीतर महिनाअखेरीला विमा रद्द.

ता. क. दुसरा. काय लिहायचं ते तुला चांगलं माहीत आहे. मी सोडायला निघालो तेव्हा तू मागच्या सीटवर बसलीस, दोन्ही हातांनी समोरची सीट धरलीस, आणि तेव्हापासून स्टेशनवर जायला बसच कशी सोयीची पडते असं सगळ्यांना सांगतेस. हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. तेच लिही. माझी भीड धरू नकोस. धाकटा भाऊ म्हणून आजवर पुष्कळ पांघरूण घातलंस, या खेपेला घालू नकोस. मी गाडी वाईट चालवतो असं स्वच्छ अक्षरात लिही आणि खाली सही कर. वाटल्यास भाऊजींचीही घे. ते मोठ्या आनंदानं करतील.

ता. क. शेवटचा. पत्र पाकिटात घातलं होतं, परत उघडलं. पोस्टात टाकायला चिमीच घेऊन आली आहे. ती तिकीट आणायला गेली आहे आणि मी गाडीत मांडीवर कागद ठेवून लिहितोय. तिच्या शेजारी मी आज पहिल्यांदा बसलो. घरापासून इथपर्यंत माझा उजवा पाय खाली ब्रेक शोधत होता, आणि एकदाही त्याची गरज पडली नाही. वळणावर माझा चष्मासुद्धा हलला नाही. फार छान चालवते गं ती. त्या पाऊण तासाच्या बोलण्यानंतर हे तिला सांगायला माझं तोंड उघडत नाही, तेव्हा तू फोन करशील तेव्हा सांग. आणि मीच म्हणालो म्हणून सांग. आली ती, बंद करतो.